पहिली फेरी बाळाची

लॉस एंजेलिस,
28 डिसेंबर

तीर्थरूप अण्णा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सर्वजण येथे खुशाल आहोत. फोनवर तुम्हांला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि आई मधूनच बोलणे आपल्या हाती घेते, त्यामुळे जे सांगायचे असते ते नेमके राहून जाते. म्हणून सावकाश बसून हे पत्र लिहिते आहे. विषय घरगुती नाही, पोलिसी आहे. तीस-पस्तीस वर्षे खाकी अंगावर वागवलेल्या माणसालाच विचारावे असे काही गेल्या आठवड्यात पाहण्यात आले, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही.

24 तारखेच्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी आम्हांला जेवायला बोलावले होते. आजींचे घराणे मूळचे मेक्सिकोतले, पण त्यांचा जन्म आणि सारे आयुष्य याच शहरात गेले आहे. त्यांनी नुकतीच ऐंशी ओलांडली. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री तामाले करतात, म्हणजे मक्याचे पीठ आणि आत सारण घालून मक्याच्या कणसाच्या सुकवलेल्या पानांत गुंडाळून वाफवलेले मुटके. आईच्या हळदीच्या पानांतल्या पातोळ्या आठवल्या, हे तिला अवश्य सांगावे. जेवणे झाल्यावर आजींनी दिवाणखान्यातले दिवे मंद केले आणि त्यांच्या घरी दरवर्षी न चुकता पाहिला जाणारा अर्ध्या तासाचा एक जुना कार्यक्रम लावला. ‘ड्रॅगनेट’ या पोलिसी मालिकेचा तो 1953 सालचा नाताळचा भाग होता.

तुम्ही ‘एक शून्य शून्य’ आवडीने पाहत असा आणि नंतर ‘सीआयडी’त दरवाजे मोडायला लागले तेव्हा उठून ओट्यावर जाऊन बसत असा, ते मला चांगले आठवते. घराचे दार मोडण्यापूर्वी कोणी कडी वाजवून का पाहत नाही, असे तुम्ही एकदा आईला विचारले होते. अण्णा, या मालिकेतला पोलीस कडी वाजवतो. घरात गेला की विनयाने प्रश्न विचारतो, उत्तर वहीत टिपतो, आभार मानून पुढच्या घरी जातो. मारामारी जवळजवळ नाहीच. जोरात बोलणेही नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला नायक स्वतःच वार, तारीख, हवा आणि कोणत्या विभागात कोणत्या पाळीला आपण कामावर होतो ते सपाट आवाजात सांगतो. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी वाचून दाखवावी तसे ते वाटते.

हे असे का, त्याची हकीकत तुम्हांला रुचेल. जॅक वेब नावाचा नट 1948 साली एका गुन्हेपटात प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची लहानशी भूमिका करत होता. तेथे सल्लागार म्हणून लॉस एंजेलिस पोलीस दलातले मार्टी विन नावाचे एक सार्जंट येत असत. चित्रपटांत पोलिसांचे काम किती खोटे दाखवतात, अशी त्यांनी त्याच्यापाशी तक्रार केली. वेबने ती तक्रार मनावर घेतली, गस्तीच्या गाडीत मागे बसून रात्री काढल्या, पोलिसांची भाषा आणि कागद समजून घेतले, आणि 1949 साली एनबीसी रेडिओवर ही मालिका सुरू केली. 1951 च्या अखेरीस ती दूरचित्रवाणीवर आली. गोष्टी खऱ्या पोलीस दप्तरातल्या, केवळ निरपराधांच्या रक्षणासाठी नावे बदललेली, असे प्रत्येक वेळी सांगितले जाई. सार्जंट जो फ्रायडे ही मुख्य भूमिका वेब स्वतःच करत असे आणि त्याचा बिल्ला क्रमांक 714 होता. नटांनी अभिनय करू नये, नुसते बोलावे, म्हणून तो त्यांना संवाद पाठ करू देत नसे. पडद्यामागच्या यंत्रावरून वाचायला लावत असे. ‘बाई, फक्त वस्तुस्थिती सांगा’ हे जे वाक्य सारी अमेरिका फ्रायडेच्या तोंडी घालते, ते त्या शब्दांत त्याने कधीच म्हटलेले नाही. ते रुळले स्टॅन फ्रेबर्ग या विनोदवीराने 1953 साली केलेल्या विडंबनामुळे. मूळ माणसापेक्षा नकलेतला माणूस लोकांच्या लक्षात राहावा, असे आपल्याकडेही घडतेच.

आता त्या भागाविषयी. नाताळच्या आदल्या दिवशी शहरातल्या जुन्या प्लाझा चर्चचे धर्मगुरू, फादर रोहास, पोलिसांकडे येतात. चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मांडलेला आहे, त्यातली बाळ येशूची मूर्ती नाहीशी झाली आहे. सार्जंट फ्रायडे आणि त्याचा सहकारी फ्रँक स्मिथ चौकशीला लागतात. फ्रायडे नेहमीच्या रीतीने पहिला प्रश्न विचारतो: मूर्तीची किंमत किती?

येथे मी खुर्चीत सावरून बसले. फिर्यादीच्या कागदावरचा ‘चोरीस गेलेल्या मालाची अंदाजे किंमत’ हा रकाना तुम्ही किती वेळा भरला असेल! फादर सांगतात की पैशांत पाहिले तर काही डॉलरचाच तो ऐवज आहे, नवी मूर्ती सहज मिळेल. पण या चर्चमध्ये लहानाची मोठी झालेली, येथेच लग्न लागलेली माणसे आहेत आणि त्या सर्वांनी येशू म्हणून पाहिला तो हाच. काही मुले लहानपणीच गेली. त्यांनीही पाहिला तो हाच. फादरांच्या आवाजात रडगाणे नाही, डोळ्यांत पाणी नाही. फ्रायडेही हळवे काही बोलत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो, चर्चचे दार रात्री बंद असते का? नसते. चोराला चोरी करायला सोपे जावे अशी सोय कशाला, अशा अर्थाचे तो काही म्हणतो, तेव्हा फादर उत्तर देतात की चोरांनाही आत येता यावे म्हणून. एवढ्या लहानशा प्रश्नोत्तरांत जे सांगायचे ते सांगून होते आणि कॅमेरा तेथे रेंगाळत नाही. मला या भागाची सर्वांत मोठी करामत ती वाटली.

मग तपास. चर्चमध्ये पूजेच्या वेळी मदत करणाऱ्या मुलांचे जबाब, धार्मिक वस्तूंच्या दुकानदाराकडे विचारपूस, एक गठडी घेऊन बाहेर पडताना दिसलेला माणूस, त्याच्या शोधात स्वस्त भाड्याच्या एका खाणावळवजा हॉटेलात चक्कर. तो माणूस सापडतो, घाबरलेला असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की आता मुद्देमाल निघणार. पण त्याच्या भीतीचे कारण वेगळेच आणि अगदी किरकोळ निघते. दिवस संपतो. हाती काही नाही. हा मधला भाग थोडा लांबला आहे असे तुमच्या नातवाचे मत पडले आणि तो तामाल्याचा शेवटचा तुकडा शोधायला स्वयंपाकघरात निघून गेला. मला मात्र तोच भाग खरा वाटला. तुमच्या कामाचा नव्वद टक्के भाग असाच रिकाम्या हाताने घरी येण्याचा होता.

दोघे पोलीस संध्याकाळी फादरांना अपयश सांगायला चर्चमध्ये येतात. ते उभे असतानाच मागून कशाची तरी खडखड ऐकू येते. एक लहान मुलगा, पाकितो त्याचे नाव, लाल रंगाची चार चाकांची ओढगाडी दांड्याला धरून मधल्या वाटेने आत आणतो आहे आणि गाडीत बाळ येशूची मूर्ती आहे. मुलगा स्पॅनिशमध्ये बोलतो, फादर त्याचा अर्थ सांगतात. लाल गाडीसाठी तो पुष्कळ दिवस प्रार्थना करत होता. या वर्षी त्याने बाळ येशूलाच साकडे घातले आणि कबूल केले, की गाडी मिळाली तर पहिली फेरी तुझी. गाडी मिळाली. तो बाळाला घेऊन गेला, फिरवून आणले, आणि आता परत ठेवायला आला आहे. सैतान येऊन मला नरकात नेईल का, एवढीच त्याला चिंता आहे.

अण्णा, नवस फेडण्याची ही रीत आपल्या कोणत्याही देवळात शोभली असती. मी डोळे पुसले हे कबूल करते. आजींनी तर रुमाल आधीच हातात घेऊन ठेवला होता. सत्तर वर्षे तोच शेवट पाहूनही.

फ्रँक स्मिथला एक शंका येते, आणि ती अस्सल पोलिसी शंका आहे. नाताळ उद्या, मग मुलाला गाडी आजच कशी मिळाली? फादर सांगतात की ती आईवडिलांनी घेतलेली नाही. अग्निशमन दलाचे जवान मोडकी खेळणी दुरुस्त करून ज्यांना घेणे परवडत नाही अशा मुलांना देतात. ही प्रथा पडद्यापुरती नाही. नाताळच्या आधी येथील अग्निशमन केंद्रांत खेळण्यांसाठी खोकी ठेवलेली असतात आणि आम्हीही यंदा नातवाच्या हाताने एक डबा तेथे टाकून आलो. आता मात्र दुरुस्त केलेली जुनी खेळणी नव्हे, नवी कोरी द्यावी लागतात. शेवटी फादर म्हणतात की पाकितोचे कुटुंब गरीब आहे, आणि फ्रायडे विचारतो, खरेच का? तेथे गोष्ट संपते. या शेवटच्या वाक्यावर आजी दरवर्षी नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे असे, की होय, खरेच गरीब होते. गरिबीला श्रीमंती म्हणणे ज्यांना भाडे भरायचे नसते त्यांना सोपे जाते. मला हे पटले. मुलगा गाडी आणतो तेथेच पडदा पडला असता तर मला अधिक आवडले असते.

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेला प्रश्न. या प्रकरणात तुम्ही काय केले असते? मी रात्री घरी येऊन जुने-नवे कायदे चाळले. जुन्या भारतीय दंड विधानात चोरीच्या व्याख्येतच अप्रामाणिक हेतू लागत असे आणि तो येथे नाही. शिवाय सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नसे, आणि सात ते बारा वयाच्या मुलाच्या बाबतीत त्याची समज किती हे पाहावे लागे. त्याच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत, जिचे क्रमांक तुम्हांला अजून परके वाटतात, कलम 305 मध्ये प्रार्थनास्थळातल्या मूर्तीच्या चोरीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. म्हणजे मूर्ती किती रुपयांची होती हे न पाहता ती मूर्ती होती एवढ्यानेच गुन्ह्याचे वजन वाढते. फ्रायडे हे प्रकरण कागदावर कसे मिटवतो ते दाखवलेले नाही. एरवी या मालिकेच्या शेवटी आरोपीवर खटला कोठे चालला आणि शिक्षा काय झाली ते गंभीर आवाजात सांगतात. येथे शिक्षा सुनावण्यासाठी कोणी उरतच नाही. पण डायरीत काहीतरी नोंद करावी लागली असेलच ना? ‘फिर्यादीचा माल परत मिळाला, तक्रार नाही’ एवढ्यावर भागले असते, की मुद्देमाल जमा करून न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहत बाळाला नाताळची रात्र ठाण्याच्या कपाटात काढावी लागली असती?

आजींकडून कळलेली आणखी एक गोष्ट मला या साऱ्या कथेपेक्षाही अधिक लागली. हा भाग रंगीत फिल्मवर चित्रित केला होता. काळ्यापांढऱ्या मालिकेत ही विशेष बाब होती, आणि लाल गाडीसाठी ती केली असेल असे आपण म्हणू शकतो. पण 24 डिसेंबर 1953 ला, गुरुवारी, तो प्रक्षेपित झाला तेव्हा रंगीत संच दुकानांत आलेच नव्हते. ते पुढच्या वर्षी आले आणि सामान्य घराला परवडणारे मुळीच नव्हते. आजी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्यासमोर जमिनीवर दाटीवाटीने बसून मुलांनी तो भाग पाहिला. गाडी त्यांना राखाडी दिसली. सर्वजण तिला लाल म्हणत होते म्हणून ती लाल आहे हे त्यांनी मानून घेतले, आणि आजही डोळे मिटले की आपल्याला ती राखाडी गाडीच लाल दिसते, असे त्या म्हणाल्या.

वेबने हीच गोष्ट 1967 साली, मालिका पुन्हा सुरू झाल्यावर, नव्याने चित्रित केली. ती 21 डिसेंबरला दाखवली गेली. त्यात सहकारी बिल गॅनन झाला आणि ती भूमिका हॅरी मॉर्गन यांनी केली. पूजेला मदत करणाऱ्या मुलाच्या भूमिकेत पुढे ‘ब्रेडी बंच’ या कौटुंबिक मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेला बॅरी विल्यम्स आहे. ती प्रत रंगीत, स्वच्छ आणि सहज मिळणारी आहे. मी दुसऱ्या दिवशी तीही पाहिली. गाडी झळझळीत लाल आहे, सारे तेच आहे, आणि तरी पहिल्यातली थंडी दुसऱ्यात नाही. ही माझी आवड झाली. तुमच्या जावयांना नवीनच बरी वाटली.

पाकितोच्या त्या 1953 च्या भागाच्या आदल्या वर्षी, 1952 च्या डिसेंबरात, याच मालिकेने नाताळची जी गोष्ट दाखवली होती ती ऐकून तुम्ही आश्चर्य कराल. मुलासाठी भेट म्हणून आणून ठेवलेली बंदूक नाताळच्या आधीच मुलांच्या हाती लागते आणि एक लहान मुलगा प्राणास मुकतो. रेडिओवर ती 1949 मध्येच झाली होती. सणाच्या आठवड्यात लोकांच्या घरात असे काही पोहोचवायला धैर्य लागते. पाकितोच्या गोष्टीतला गोडवा मला बेगडी वाटत नाही तो यामुळेच, कारण ती सांगणाऱ्यांना दुसरी बाजू ठाऊक होती आणि ती त्यांनी आधी सांगून टाकली होती.

सगळी बाजू मात्र त्यांनी सांगितली नाही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. भाग संपल्यावर आजींनी दिवे लावले आणि शांतपणे म्हणाल्या, की याच शहरात याच पोलिसांचा आणखी एक नाताळ होता. 25 डिसेंबर 1951 च्या पहाटे पोलिसांनी कोठडीत सात तरुणांना अमानुष मारहाण केली. त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते. ठाण्यात नाताळची मेजवानी चालू होती, एका पोलिसाचा डोळा गेल्याची खोटी बातमी पसरली, आणि दारू प्यालेले शिपाई कोठड्यांकडे गेले. पुढे चौकशी झाली, आठ पोलिसांवर खटले भरले गेले, पाच दोषी ठरले. 39 जणांना निलंबित केले आणि 54 जणांच्या बदल्या झाल्या. हे शहर त्या रात्रीला ‘रक्तरंजित नाताळ’ म्हणते. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच दलाच्या सहकार्याने तयार झालेल्या मालिकेत दोन पोलीस एका मेक्सिकन मुलासमोर टोपी हातात घेऊन उभे राहतात. आजींच्या वडिलांनी तो भाग पाहिला आणि ते काही न बोलता उठून गेले होते.

मी त्यांना विचारले, मग तुम्ही दरवर्षी हा का पाहता? त्या म्हणाल्या, असे पोलीस मला हवे होते म्हणून. वडील उठून गेले तेही बरोबर आणि मी बसून राहिले तेही बरोबर. अण्णा, त्या वेळी मला तुमची फार आठवण झाली. ठाण्यात कोणाला मारल्याचे कळले की तुम्ही घरी येऊन जेवत नसा, एवढेच मला लहानपणी ठाऊक होते. कारण पुष्कळ मोठी झाल्यावर कळले.

26 तारखेला आम्ही मुद्दाम ते चर्च पाहायला गेलो. युनियन स्टेशनवर गाडीतून उतरले की रस्ता ओलांडून जुना चौक लागतो आणि त्याच्या पश्चिमेला ते बसके, पांढरे देऊळ उभे आहे. देऊळ म्हणते, कारण त्याला प्रासादाची ऐट नाही. 1781 साली 44 माणसांनी जी वस्ती केली तिचे हे चर्च 1822 मध्ये खुले झाले, आणि त्याच्या बांधकामाला पैसा उभा करण्यासाठी आसपासच्या मिशनांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या मठांनी, ब्रँडीची पिंपे दिली होती, हे ऐकून तुमचे जावई फारच खूष झाले. लोक त्याला प्रेमाने ‘ला प्लासिता’ म्हणतात. समोरच्या ओल्वेरा रस्त्यावर 16 ते 24 डिसेंबर अशा नऊ रात्री मेरी आणि योसेफ दारोदार आसरा मागत फिरल्याची मिरवणूक निघते. बहुतेक दारे नाही म्हणतात आणि अखेर एक दार उघडते. ती आमची चुकली. पण चर्चचे दार उघडे होते. आत चार-सहा माणसे गुडघे टेकून होती, एक बाई बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपली होती आणि तिला कोणी उठवत नव्हते. गव्हाण मांडलेली होती. नातवाने वाकून पाहिले आणि मोठ्याने मराठीत जाहीर केले की बाळ जागेवर आहे.

वेबविषयी राहिलेले एकच सांगते. त्याचे बालपण याच शहरात बंकर हिलच्या भाड्याच्या खोल्यांत गेले; वडील सोडून गेलेले, आई आणि आजीने वाढवले, स्वतः दम्याने आजारी. म्हणजे दुरुस्त केलेली गाडी ही काय वस्तू असते ते त्याला कोणाला विचारावे लागले नसेल. 23 डिसेंबर 1982 ला, नाताळला दोन दिवस असताना, तो वारला. तो पोलीस कधीच नव्हता, तरी पोलीस दलाने त्याला मानवंदना दिली आणि 714 क्रमांकाचा बिल्ला कायमचा निवृत्त केला.

आता हे सारे मी तुम्हांला का लिहीत बसले आहे ते सांगते. 2012 च्या मार्चमध्ये दिवेआगरचा सुवर्णगणेश चोरीला गेला आणि दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. तरी सकाळी वर्तमानपत्र हातात धरून बराच वेळ उभे होता, असे आईने मला फोनवर सांगितले होते. चोरांनी मूर्ती वितळवली. त्यांना ती वजनाची होती. पण फादर रोहास आपल्या मूर्तीची किंमत सांगत होते तेव्हा मला दिवेआगर नव्हे, दुसरीच एक मूर्ती आठवली.

1991 चा पावसाळा असेल, मी आठ वर्षांची होते. गोकुळाष्टमी दोन-तीन दिवसांवर आली होती आणि खालच्या वाडीतल्या एका म्हातारीचा रांगता बाळकृष्ण, पितळेचा, मुठीएवढा, देव्हाऱ्यातून नाहीसा झाला होता. ती छत्रीशिवाय भिजत ठाण्यावर आली, तेथे कोणीतरी हसले, आणि तुम्ही त्या माणसाला बाहेर पाठवले, हे मी तुम्ही आईला सांगत असताना ऐकले. तुम्ही सायकलीवर वाडीत गेलात, रिकाम्या देव्हाऱ्याचा पंचनामा केलात. किमतीच्या रकान्यात काय लिहू असे विचारल्यावर म्हातारी म्हणाली होती, देवाची किंमत मी कोण सांगणार? रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून तुम्ही बाजारात जाऊन पितळेचा भाव विचारलात, अंदाजाने वजन धरलेत आणि साठ रुपये लिहिलेत. त्या रात्री तुम्ही आईला म्हणालात की साठ लिहिताना हात जड झाला. त्यानंतरचे कित्येक दिवस तुम्ही संध्याकाळी घरी यायच्या आधी वाडीवरून फेरी मारून येत असा, चिखलाने माखलेल्या बुटांनी. आणि दिवाळीच्या आत आपली बदली झाली.

ती मूर्ती सापडली का, हे मी तुम्हांला कधी विचारले नाही. लहानपणी विसरले आणि मोठेपणी भीती वाटली. आता विचारते. सापडली असेल तर कोणाकडे, आणि कोणी लहान मुलाने नेली होती का? सापडली नसेल तर तेही लिहा. फोनवर सांगू नका, आई मध्ये बोलेल. आणि पाकितोच्या प्रकरणात डायरीत काय लिहिले असते, तेही त्याच पत्रात तुमच्या अक्षरात कळवा. तुमचा नातू ते वाचायला शिकतो आहे.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचे तेल पुढच्या आठवड्यात कोणी येणारे आहे त्यांच्याबरोबर पाठवते.

आपली आज्ञाधारक,
धाकटी